उजव्या बाजूचा बोल्ट

दातिवऱ्याच्या आमच्या घराला तीन खोल्या होत्या, पुढे ओटी आणि मागे अंगण. अंगणाच्या टोकाला, शेवग्याच्या झाडाला लागून संडास. त्या संडासाबद्दल लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडले होते. माणसं आपल्या तरुणपणाबद्दल लिहितात तेव्हा शाळा-कॉलेजाचं लिहितात, सणावारांचं लिहितात, आईच्या हातच्या जेवणाचं लिहितात. तेही मी लिहीनच. पण सतराव्या वर्षाचं काही आठवायला बसले की सगळ्यात आधी नाकाशी घासलेटाचा वास येतो आणि डोळ्यांसमोर उभा राहतो तो पॉटच्या उजव्या बाजूला गंजून बसलेला एक बोल्ट. त्याला वगळून पुढे गेले तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. आणि साठी उलटल्यावर आता लाजायचं तरी कुणाला?

आमचं घर मासळीचं. आई पहाटे उठून ओले बोंबील दोन-दोनच्या जोडीनं, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, आडव्या बांबूंच्या वलांडीवर वाळत टांगायची. ऊन वर आलं की तो सगळा परिसर पांढुरका चमकायचा आणि कावळ्यांना हाकलायचं काम माझ्याकडे यायचं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक, असा माझा बारावीचा अभ्यास. दुपारी तांदळाची भाकरी आणि वांगं घालून सुका जवळा, नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण, त्यात कैरीच्या फोडी. आईची भाकरी थापायची लय ठरलेली होती. तीन थापा जोरात, दोन हलक्या, मग तव्यावर टाकल्याचा आवाज. आजही माझ्या बोईसरच्या घरात शेजारीण भाकऱ्या करू लागली की मी नकळत थापा मोजते, आणि तिचं काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहतं.

बाबा तांडेल होते. बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. पण इंजिनही तेच सांभाळायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ओटीवर बसून बंदराकडून येणाऱ्या बोटींच्या नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, ही अमक्याची, ही तमक्याची, आणि हिचा पंप पंधरा दिवसांत जाणार. पंप खरोखरच जायचा. लोक म्हणायचे, तांडेलाच्या कानात डॉक्टरची नळी बसवलीय. त्यांची हत्यारांची पेटी आतल्या खोलीत कोनाड्याखाली असायची. लाकडी, काळपट, झाकणाला चामड्याची बिजागरी. तिला घरातल्या बायकांचा हात लागत नसे. कुणी मनाई केली होती असं नव्हे. देव्हाऱ्यातली घंटा आम्ही जशी उगाच वाजवत नव्हतो, तशी ती पेटी उघडत नव्हतो, इतकंच.

एका वर्षी बोट किनाऱ्यावर ओढताना खालचा ओंडका निसटला, बोट कलंडली आणि बाबांचा उजवा पाय खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तिच्याखाली सापडला. पालघरच्या दवाखान्यात दोन महिने गेले. हाड जुळलं, पण उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही. कुबड्या आल्या. समुद्र सुटला. या सगळ्यापेक्षा त्यांना जे लागलं ते मात्र कुणी बोलत नसे. त्यांना उकिडवं बसता येईना. माझा मोठा भाऊ हरेश आणि शेजारचा एकजण त्यांना दोन्ही काखांत धरून नेत. ज्या माणसाच्या एका हाकेवर आठ खलाशी हलायचे, तो माणूस सकाळी डोळे मिटून स्वतःला उचलून नेऊ द्यायचा.

त्यातून सोडवलं मामानं. माझा मामा सालवडला राहायचा, बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होता. कुठल्याशा इमारतीतले जुने संडास काढून नवे बसवत होते, तिथून त्यानं एक खुर्चीसारखा बसायचा पॉट मिळवला आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं आणला. चिनी मातीचा, पांढराशुभ्र, कडेला एक निळी रेघ. आमच्या आळीत तसला पॉट कुणाकडे नव्हता. बायका बघायला आल्या, एक म्हातारी त्यावर हात फिरवून म्हणाली, "यात तर कालवण ठेवावं." सगळ्या हसल्या. एका गवंड्यानं फरशीत सिमेंटमध्ये लोखंडी नट पुरले, वरून पॉटच्या दोन्ही पायांतून बोल्ट आवळले आणि काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुबड्या टेकत एकटे आत गेले, एकटे बाहेर आले, हात धुऊन ओटीवर बसले आणि आईला म्हणाले, "चा कर." नुसते दोन शब्द. आई चुलीपाशी पदर डोळ्यांना लावून बसली होती ते मी पाहिलं.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. पिण्याचं पाणी लांबून आणायचो, वापरायला विहिरीचं. ते पाणी आणि समुद्रावरचा वारा, दोघं मिळून लोखंड खातात. दोन-तीन वर्षांत डाव्या बाजूचा बोल्ट मधूनच तुटला. पॉट डुलायला लागला, मागच्या सांध्यातून घाण पाणी झिरपू लागलं. एकदा बाबा बसत असताना पॉट कलला, त्यांनी भिंतीला धरलं म्हणून वाचले. त्या दिवसापासून पुन्हा आत जाताना कुणीतरी त्यांना धरायला लागलं. आत, दार लोटून, उभं राहून. हरेशदादा बोटीवरून चार-चार दिवस परतायचा नाही, तेव्हा ते काम आईवर यायचं.

माझ्या लक्षात आलं ते जेवणावरून. बाबांचं ताट मी वाढायचे. साडेतीन भाकऱ्यांचा माणूस दोनवर आला, मग दीडवर. तांब्यातलं पाणी संध्याकाळी तसंच असायचं. विचारलं की म्हणायचे, "भूक नाय." एके दुपारी मी कोलंबीचं कालवण वाढलं. त्यांना ते फार आवडायचं. त्यांनी घास मोडला, तो हातातच ठेवला आणि विचारलं, "हरेश कधी येणार?" मी म्हटलं, "परवा." त्यांनी घास परत ताटात ठेवला आणि ताट पुढे सरकवलं. मला एकदम सगळं कळलं. पोरगा घरी असला तर जेवायचं, नसला तर नाही. माझे बाबा संडासाला जावं लागू नये म्हणून उपाशी राहत होते. मी ताट उचलून आत नेलं.

बोईसरहून एक मिस्त्री बोलावला. त्यानं वाकून पाहिलं. काम सोपं नव्हतं, हे आता मला कळतं. सांधा नीट करायचा तर पॉट उचलायला हवा, पॉट उचलायचा तर उजव्या बाजूचा शाबूत बोल्ट काढायला हवा, आणि तो बोल्ट म्हणजे नुसता गंजाचा गोळा झालेला. पाना लावायलाही जागा कमी, कारण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला चिनी माती. मिस्त्री उठून म्हणाला, "हा नाय निघणार. पॉट फोडा, नवा घ्या." बाबा ओटीवरून म्हणाले, "फोडायचा नाय." नवा कुठून आणि कधी येणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोपर्यंत ते काय करणार होते, हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

दादा आला तेव्हा त्यानं जोर करून पाहिला. पान्याला लोखंडी नळी लावून लांब केला आणि खेचला. पाना सटकला, बोल्टच्या डोक्याचे कोपरे घासून गुळगुळीत झाले, आणि पॉटमधून असा काही आवाज आला की बाबा ओटीवरून ओरडले, "सोड! सोड तो! फुटेल!" दादा घामानं निथळत बाहेर आला. त्याचा दोष नव्हता. त्याला जोर होता आणि घाई होती, दुसऱ्या दिवशी पहाटे बोट निघायची होती.

तो गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. परीक्षेआधीची सुट्टी होती, मी घरीच असायचे.

"बाबा, मी बघू?"

"काय?"

"बोल्ट. तुमी सांगा, मी करते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा बदलला की मी एक पाऊल मागे गेले. "बापाच्या संडासात पोरगी हात घालणार? एवढंच राहिलं होतं. मी मेलो नाय अजून. जा, अभ्यास कर."

मी गेले. पण अभ्यास झाला नाही. रात्री ते पुन्हा दीड भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला गेली. घरात बाबा आणि मी. ते ओटीवर समुद्राकडे तोंड करून बसले होते. मी आतल्या खोलीत गेले, कोनाड्याखालची पेटी ओढली आणि उघडली. आयुष्यात पहिल्यांदा. आत ग्रीसचा वास होता आणि प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. मी पाना, हातोडी, कानस आणि एक वायरब्रश काढला. संडास आधी फिनेल टाकून दोनदा घासला, बादल्या ओतल्या, फरशी कोरडी केली, गोणपाट अंथरलं आणि गुडघे टेकून बसले. बोल्टकडे पाहिलं. हा एवढासा, माझ्या अंगठ्याएवढा. मला त्याचा भयंकर राग आला. मी हातोडी उचलली आणि त्याच्या डोक्यावर हाणली.

पुढून आवाज आला, "कोण ठोकतंय?"

मी आणखी दोन घाव घातले. मग कुबड्यांचा टक-टक आवाज ओटीवरून घरात, घरातून मागच्या दारी, मागच्या दारातून अंगणात आला. आवाज शेवग्याखाली थांबला. मी हातोडी धरून तशीच.

"बोल्टवर राग काढतेस काय?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तसा मारलास तर खालचे आटे आणखी चिरडतील. गंज मरत नाय, बाय, मारानं. हातोडी हलकी धर. नुसत्या वजनानं पडू दे. वरून नाय, कडेकडेनं. गोल फिर त्याच्याभोवती."

मी दारातून डोकावून पाहिलं. मासळीचा एक रिकामा खोका उलटा घालून ते त्यावर बसले होते, आखडलेला पाय पुढे लांब करून, माझ्याकडे पाठ करून. तो सबंध दिवस त्यांनी तोंड वळवलं नाही. त्यांनी आत पाहिलं नाही. आम्हां दोघांची अब्रू त्यांच्या त्या पाठीनं राखली, असं मला आज वाटतं.

मी हलके ठोके मारू लागले. ते ऐकत होते. "घट्ट हाय," म्हणायचे. किंवा, "आता भिंतीकडून मार. तिकडचा आवाज भरीव येतोय, तिकडं जास्त धरलाय." मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. मग त्यांनी मला गंज खरवडायला सांगितला, बोल्टचं डोकं आणि पॉटचा पाय यांच्यामधली फट दिसेपर्यंत. वायरब्रश, मग जुन्या सुरीचं टोक. लालसर भुकटी नाकात, केसांत, घामात. तासाभरानं केसाएवढी फट दिसली. "आता घासलेट," ते म्हणाले. "पण ते वाहून जाईल. इंजिनावर आमी ग्रीसचं आळं करतो, झाडाला करतात तसं." ग्रीसचा डबा रिकामा होता. मी घरात जाऊन तांदळाचं पीठ मळलं, त्याचा लांब वळ केला आणि बोल्टभोवती गोल बसवला. त्या वाटीत घासलेट ओतलं. वाहून गेलं नाही.

"कशाचं केलंस?" त्यांनी विचारलं.

"पिठाचं."

त्यांचे खांदे हलले. ते हसत होते. कितीतरी महिन्यांनी.

घासलेट मुरेपर्यंत बोल्टच्या डोक्याचं काम. कोपरे गेले होते, पाना धरायला काही उरलं नव्हतं. बाबांनी सांगितलं की दोन समोरासमोरच्या बाजू कानशीनं घासून सपाट कर, मग लहान मापाचा पाना बसेल. सांगायला सोपं. भिंतीच्या बाजूला कानस चार बोटंसुद्धा मागेपुढे होत नव्हती. माझी बोटांची पेरं भिंतीवर सोलून निघाली. मध्येच मी थांबले की बाहेरून आवाज यायचा, "दमलीस?" मी म्हणायचे, "नाय." आणि पुन्हा सुरू. दुपारी आई आली, तिनं अंगणात बाबांना खोक्यावर आणि मला घासलेटात माखलेली पाहिलं, पिठाचा डबा उघडा पाहिला, आणि तोंड उघडलं. बाबा म्हणाले, "तू बोलू नको. ती कामात हाय." आई टोपली घेऊन आत निघून गेली. भाकरीच्या थापा ऐकू आल्या तेव्हा मला कळलं, ती रागावलेली नाही.

त्या दिवशी बोल्ट हलला नाही. आळ्यात पुन्हा घासलेट भरून आम्ही तो तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा आधीच खोक्यावर होते. मी दोन कप चहा, एक त्यांचा, एक माझा, घेऊन गेले. लहान पाना बोल्टच्या डोक्यावर घट्ट बसला. मी सोडवायच्या दिशेनं जोर लावणार, इतक्यात ते म्हणाले, "उलटा नको. आधी घट्ट कर."

"घट्ट? तो तर काढायचाय."

"घट्टच कर. जराशी. अडकलेल्याला ज्या बाजूला जायचं नाय त्या बाजूला आधी ढकलायचं. गंजाची पापडी मोडते."

मी घट्ट करायच्या दिशेनं रेटलं. काहीच नाही. मग सोडायच्या दिशेनं. काही नाही. हलके ठोके. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदा जोर लावताना पॉटमधून 'टिक्' असा आवाज आला आणि मी पाना सोडला. बाहेरून बाबा हळू म्हणाले, "बोटाच्या पेरानं वाजवून बघ पॉटला. चहूकडनं." मी वाजवलं. "पुन्हा. जरा जोरात." पुन्हा वाजवलं. ते ऐकत होते, मान कलती करून. "खणखणीत हाय," ते म्हणाले. "तडा नाय गेला. तो बोल्ट बोलला. आता सावकाश. आता अजिबात घाई नाय."

मी दोन्ही हातांनी पाना धरला, कपाळ भिंतीला टेकलं आणि सगळं अंग त्या पान्यात घातलं, पण एका दमात नाही, दार लोटावं तसं हळूहळू. खालून एक बारीक, कोरडा 'कर्रर्र' आवाज आला. मला वाटलं पाना सटकला. मी बघायला वाकले आणि बाहेरून बाबा ओरडले, "सुटला! सुटला, बाय! थांबू नको, पाव फेरा आण फक्त!"

मला अजून काही दिसलं नव्हतं. त्यांनी पाठ करून, अंगणातून ऐकलं होतं.

मग पाव फेरा बाहेर, अर्धा पाव परत आत, घासलेटाचा थेंब, पुन्हा बाहेर. गंजाचा लाल चिखल आट्यांतून वर येत होता. शेवटचे दोन फेरे मी बोटांनी फिरवले. बोल्ट हातात आला. जड, गरम, मधे सुकल्या बोंबलासारखा बारीक झालेला. मी दारात येऊन उभी राहिले. बाबांनी आता तोंड वळवलं. मी हात पुढे केला. त्यांनी बोल्ट घेतला, अंगठ्यानं आटे चाचपले, वर धरून उन्हात पाहिला. मग माझा हात धरला, सोललेल्या पेरांसकट, तो उलटासुलटा करून बोल्ट पाहिला तसाच पाहिला. शेवटी आईला हाक मारून म्हणाले, "अगं, हिच्या हाताला हळद लाव."

पुढे माझी सगळी नोकरी बोईसरच्या कारखान्यांत, दुरुस्ती खात्यात गेली. तिथल्या फिटरच्या कामाला लागलेली मी पहिली मुलगी होते आणि बरीच वर्षं एकटीच. नव्यानं आलेल्यांना मी सांगायचे, आधी ऐका, मग हात लावा, तेव्हा ते एकमेकांकडे बघून हसायचे. काहीजण नंतर हसेनासे झाले. मोठी मशीनं सोडवली, वाफेच्या पाइपावरचे मनगटाएवढे बोल्ट सोडवले. पण त्या दिवशी दुपारी अंगणात जी छाती भरून आली होती, तशी नंतर आली ती क्वचितच.

काम अजून संपलं नव्हतं. नवे बोल्ट हवे होते, आणि बाबांचा हुकूम होता, पितळीच आण, लोखंड पुन्हा नको. मी एसटीनं आणि मग टमटमनं बोईसरला गेले. हार्डवेअरच्या दुकानात कामगारांची गर्दी. मी पुढे सरकून माप सांगायला लागले, तर दुकानदार न बघताच म्हणाला, "बेटी, घर से किसी आदमी को भेज दो. ग़लत माल ले जाओगी तो वापस लाना पड़ेगा." मी सोबत आणलेली कागदाची पुडी उघडून जुना बोल्ट त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो उचलला. फिरवून पाहिला. "इतना गला हुआ, और साबुत निकला? किसने निकाला?"

"मैंने."

आजूबाजूचे दोघे-तिघे वळले. दुकानदारानं चष्मा नाकावर घेऊन माझे हळद लावलेले हात पाहिले. मग आपल्या माणसाला म्हणाला, "पीतल वाला डिब्बा ला. और इनको रबर के वॉशर भी दिखा." 'इनको' म्हणाला. परतीच्या एसटीत मी तो एक शब्द अर्ध्या रस्त्यापर्यंत मनात घोळवत होते.

पॉट आम्ही उचलला, आईनं आणि मी, एक बाजू तिची, एक माझी. जुने नट छिन्नीनं फोडून काढले, नवे पितळी नट सिमेंटमध्ये बसवले. मागच्या सांध्यात काय भरायचं यावर बाबा म्हणाले, "होडीच्या फळ्यांच्या फटीत भरतात तेच." आणि या वेळी ते नुसते सांगत बसले नाहीत. त्यांनी कापूस मागवला, मांडीवर घेतला, तेल आणि राळ लावून त्याचे बोटाएवढे पीळ वळले, एकसारखे, आणि एकेक करून दारातून माझ्या हातात दिले. त्यांची बोटं भराभर चालत होती. खुबा मोडल्यापासून त्या बोटांनी असं काम केलं नव्हतं. मी पीळ सांध्यात ठासत गेले, वरून सिमेंटनं बंद केलं. दोन दिवस कुणी पाणी टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा कुबड्या टेकत गेले. दार लागलं. आई चुलीपाशी, मी मागच्या दारात, दोघींनी हातातलं काम थांबवलेलं. आतून बादलीचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला, मग दार उघडलं. बाबा चालत आले, हात धुतले आणि पाटाशेजारच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "दगडासारखा बसलाय. हलत नाय." मग माझ्याकडे न बघता, "दुपारी काय हाय जेवायला?"

मांदेली होती. ते चार भाकऱ्या जेवले. मी मोजल्या.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, आणि बाबांनीही ती पसरू दिली. ओटीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सगळं सांगायचे. संडासाचं काम म्हणताना आधी ते जरा अडखळायचे, नंतर अडखळेनासे झाले. "मिस्त्री म्हणाला फोडा. हरेशला नाय जमलं. माझ्या पोरीनं काढला." दादा एकदा ते ऐकत बसला होता. तो म्हणाला, "खरं हाय, मी तर फोडलाच असता." तोही चांगला माणूस.

परीक्षा सुरू झाली त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसले होते, बाबा शेजारी. बंदराकडून एक तांडेल आला, बाबांच्याच वयाचा, हात ग्रीसनं काळे. ओटीपुढे उभा राहून बाबांना म्हणाला, "इंजिनाचा एक बोल्ट अडकलाय रे. दोन दिवस झाले, चौघांनी जोर लावला, डोकं गुळगुळीत झालं. बोट उभी हाय. तू येऊ शकत नाय ते ठाऊक हाय. पण म्हटलं... तुझ्या पोरीला पाठवशील का जरा बंदरावर?"

बाबांनी बिडीचा एक झुरका घेतला. समुद्राकडे बघत म्हणाले, "मला काय विचारतोस? ती बसलीय की समोर. तिला विचार."

तांडेल क्षणभर गोंधळला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि माझ्याकडे वळला. "बाय, येशील का?"

मी पुस्तक मिटलं.

"उद्या माझा पेपर हाय, काका," मी म्हटलं. "परवा सकाळी येते. तोवर त्याला कुणी हात लावू नका."